माटोळीतलं काटेरी फळ

आमच्या परसवात पानाच्या पाठीला काही चिकटलेलं दिसलं की आक्का ते पान देठासकट खुडून आणीत आणि माझ्यापुढं धरीत. "ह्यां बघ गो, काय ता?"

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न झालेलं नव्हतं. मी पेडण्याकडची, लग्न होऊन साखळीजवळच्या या गावात आले तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या. सासू-सासरे माझ्या येण्याआधीच गेलेले. नवरा खाणीवर, यंत्रांच्या दुरुस्तीला. सकाळी जायचा तो काळोख पडता पडता धुळीनं लाल होऊन यायचा. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघीच. मी कमी बोलणारी. आक्काही तशाच. दोन मुक्या बायका एका स्वयंपाकघरात असल्या की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. भांड्यांचाच आवाज जास्त.

आम्हाला बोलतं केलं ते एका फेसानं. अबोलीच्या काडीवर सुपारीएवढा, वाळलेल्या साबणाच्या फेसासारखा एक गोळा चिकटला होता. आक्का नारळाच्या हिरानं तो खरवडायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, "आक्का, ऱ्हांवदे. ती अंडी आसत. हात जोडून बसता नाय तो हिरवो किडो, तेची. तो दुसरे किडे खाता."

"तुका कसां कळलां?"

मी म्हापशाला कॉलेजात जीवशास्त्र शिकत होते. लग्न ठरलं आणि शेवटचं वर्ष राहिलं. हे आक्कांना माहीत होतं, पण त्या शिकण्याचा असा उपयोग असतो हे नव्हतं. त्यांनी हीर खाली ठेवला. पुढं कितीतरी दिवस त्या रोज सकाळी त्या काडीपाशी जाऊन उभ्या राहत. आणि एका सकाळी, "ये गो, ये, ये!" अशी हाक आली ती विहिरीपर्यंत ऐकू गेली असेल. त्या फेसातून केसाएवढे जीव एकमेकांच्या धाग्याला लोंबत बाहेर पडत होते, आणि प्रत्येकजण खाली टेकण्याआधीच हात जोडत होता. आक्कांनीही नकळत हात जोडले. मग मला बघून लाजल्या.

त्यानंतर आमचं बोलणं हेच होऊन गेलं. खाणीच्या ट्रकांची धूळ आमच्या पानांवर बोटभर बसायची. आक्का पदरानं पान पुसत आणि उलटं करून बघत. लिंबाच्या कोवळ्या पानावर मोहरीहून बारीक पिवळा मोती दिसला की ते फुलपाखराचं अंडं. केसाएवढ्या दांड्याच्या टोकावर पांढरा ठिपका, असे पाचसात ओळीनं, ते माव्याला खाणाऱ्या किड्याचं. त्याला हात लावायचा नाही. भेंडीच्या पानाखाली बारक्या मडक्यांची उतरंड रचल्यासारखी दिसली तर ते ढेकण्यांचं, ते चिरडायचं. आंब्याच्या पानावरच्या पुटकुळ्या म्हणजे अंडी नव्हेत. आत किडा बसलेला असतो आणि झाड त्याच्याभोवती आपलंच अंग वाढवून त्याला कोंडून घेतं. किड्याला घर, झाडाला गाठ.

"म्हणजे झाडाक आवाळू इल्लां," आक्का म्हणाल्या.

"तसांच म्हणा."

"आणि तेका दुखता काय गो?"

हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मी "कोण जाणे" म्हटलं. त्या पुटकुळ्यांवरून बोट फिरवत राहिल्या.

मला जे येत होतं ते ऐकणारं माणूस त्या घरात एकच होतं, हे मी आता लिहिते आहे. तेव्हा कळलं नव्हतं.

*

आक्कांचं वर्ष चवथीपासून चवथीपर्यंत चालायचं. आमच्या कुळाचा गणपती एकत्र. सगळे चुलते, चुलतभाऊ, त्यांची बायकापोरं थोरल्या काकांच्या घरी जमायची. गोव्यात गणपतीच्या माथ्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली-परसवातली फळं, कंदमुळं, फुलांचे झुपके बांधतात, ती माटोळी. नारळ, सुपारीचे घड, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, हे सगळ्यांकडंच असतं. घराची पत कळते ती त्यापलीकडच्या वस्तूंनी. कुणी लालभडक कवंडाळं लावतो, कुणी वाऱ्यानं खुळखुळणाऱ्या घागऱ्या लावतो. आणि दुसऱ्या कुणाकडं नाही असं एक तरी काही आपल्या माटोळीत असावं, असं जो तो बघतो.

आमच्या कुळाची माटोळी माझे सासरे बांधायचे. ते गेल्यावर ते काम आक्कांकडं आलं. हे काम पुरुषांचं. पण रानातलं कुठलं फळ कुठं आणि कधी मिळतं हे बाबांबरोबर हिंडून आक्कांना जेवढं ठाऊक होतं तेवढं कुणा मुलग्याला नव्हतं, म्हणून थोरल्या काकांनीच म्हटलं होतं, "चेडू करता तर करूंदे." आक्का तेव्हापासून ती चौकट पुसायच्या, केवणीच्या सालीचे दोर भिजवायच्या, पावसात रान पालथं घालायच्या. एरवी त्या घरात आक्का म्हणजे कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण, कुणाच्या लग्नातले लाडू. चवथीच्या आदल्या दिवशी मात्र त्या स्टुलावर उभ्या राहून "तो घड हेवटेन घे, गाढवा" असं थोरल्या चुलतभावांना सांगत, आणि ते पुरुष मुकाट्यानं घड सरकवत.

आमच्या माटोळीतली दुसऱ्या कुणाकडं नसलेली वस्तू म्हणजे 'बाबांचं फळ'. परसवाच्या कोपऱ्यात, ओहोळाकडं, एक उंच झाड होतं. त्याचं नाव आमच्यात कुणालाच येत नव्हतं. त्याच्या फांद्यांना लिंबाएवढे काटेरी गोल झुपक्यानं लागत. कोवळे असताना हिरवे, मग तपकिरी, लाकडासारखे. सासऱ्यांनी तरुणपणी ते पहिल्यांदा माटोळीत बांधले आणि लोक ते बघायला मान वर करून उभे राहिले. तेव्हापासून मध्यभागी, बरोबर देवाच्या डोकीवर, त्या काटेरी फळांचा झुपका. आक्का तो सगळ्यांत शेवटी बांधीत. बांधताना बोलत नसत.

लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या वर्षी वैशाखात मी ओहोळावर कपडे धूत होते. वाऱ्यानं त्या झाडावरून काहीतरी भिरभिरत खाली आलं. दोन लालसर पंख आणि मध्ये दाण्याएवढं बी. मी ते ओल्या हातात धरून बघत राहिले. हे त्या झाडाचं फळ होतं. मग ते काटेरी काय? संध्याकाळी मी एक काढला आणि आडोळीच्या, म्हणजे विळीच्या, पात्यावर दोन फाकांत चिरला. आत खणच खण. आणि खणाखणांत मऊ, पिवळट, पिठाच्या कणाएवढे जीव, जवळ नेऊन बघितल्यावरच हलताना दिसणारे.

आंब्याच्या पानावरच्या पुटकुळीसारखीच ती एक गाठ होती. फक्त फळासारखी दिसणारी.

मी दोन्ही फाका ओहोळात टाकल्या आणि आक्कांना काही सांगितलं नाही. हे मी चांगुलपणानं केलं. ते इथं लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचंय त्यात चांगुलपणा नाही.

*

मग माझी मुलगी झाली. तिला न्हाऊ घालणं, शेक देणं, गुटी उगाळणं, सगळं आक्कांनी केलं. ती चालायला लागली त्या वर्षी आक्कांचा गुडघा दुखायला लागला होता, म्हणून माटोळीच्या सामानासाठी मी त्यांच्याबरोबर हिंडू लागले. मुलीला शेजारी ठेवायची आणि चिखल तुडवीत आम्ही दोघी जायच्या. पोटऱ्यांना जळवा लागायच्या. एकदा कवंडाळाच्या वेलासाठी मी दरडीवर चढले, तर घसरून कोपरापर्यंत सोलवटून निघाले. आक्का खाली उभ्या राहून ओरडत होत्या, "मरशीत गो! देवाक तवशी पुरे, खाली देंव!" आणि मी वेल ओढून आणल्यावर हसता हसता डोळे पुसत होत्या. तसं महिनाभर चाललं. ती माटोळी अर्धी माझी होती, असं मला वाटत होतं. मी तसं कुणाला म्हटलं नाही. न सांगताच ते कुणीतरी म्हणावं, असं वाटत होतं.

त्या वर्षी कुठल्याशा मंडळानं माटोळीची स्पर्धा ठेवली होती. चवथीच्या दुसऱ्या दिवशी तीन परीक्षक आले. थोरल्या काकांचं घर माणसांनी भरलेलं. परीक्षकांतला एक वयस्क गृहस्थ फार मायेनं बघत होता. चष्मा वर करून, मान मागं टाकून. काटेरी झुपक्यापाशी तो थांबला.

"हे फळ कुठलं? मी कधी बघितलं नाही."

आक्कांनी बाबांची गोष्ट सांगितली. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तो गृहस्थ म्हणाला, "आणि हे एवढं सगळं जमवतं कोण?"

"मीच," आक्का म्हणाल्या. "दुसरां कोण आसा? बाबा गेल्यापसून एकटीच करतंय."

मी त्यांच्या मागं, हातभर अंतरावर, मुलीला कडेवर घेऊन उभी होते. कोपराची खपली अजून पडली नव्हती.

मी म्हणाले, "ते फळ नाही."

आवाज माझा होता, पण भाषा घरातली नव्हती. तोंडी परीक्षेत उत्तर देतात तसं, पुस्तकी, स्वच्छ. "ती किड्यांनी केलेली गाठ आहे. आत जिवंत किडे असतात. फळ वेगळं असतं त्या झाडाचं."

सगळे माझ्याकडं वळले. थोरल्या चुलतदिरानं हसून म्हटलं, "हाड गो! काय पण." आणि थट्टेथट्टेत, मला खोटं पाडायला, हात वर करून एक गोल तोडला आणि नारळ फोडायच्या कोयत्यानं पाटाच्या कडेवर ठेवून चिरला. त्या वर्षी आत गर्दी होती. ते कण सांडले. पाटावर, पाटाखालच्या तांदळांवर, आणि तांदळांवरून चालू लागले.

कुणीतरी "शी!" म्हणालं. एका बाईनं मुलाला मागं ओढलं. तो वयस्क परीक्षक म्हणाला, "असतं, असतं, निसर्ग आहे," आणि चष्मा खाली करून पुढच्या घरी जायला निघाला. आक्का मान वर करून झुपक्याकडं बघत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मला आनंद झाला होता. फार थोडा वेळ, पण झाला होता. तो मी इतकी वर्षं कुणाला सांगितला नाही.

*

पण एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं.

माणसं गेल्यावर थोरल्या काकांनी मला सोप्यावर बोलावलं. ते कुळातले वडील. रागीट नव्हते, विचारून-सवरून करणारे. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"बाये, तू शिकलेली. माका सारक्यां सांग. ह्यां ह्याच वर्साक किडलां, की सदांच तसां आसता?"

"सदांच तसां, काकानू. ता किड्याचांच घर."

"म्हणजे इतकी वर्सां आमी देवाच्या माथ्यार किडे टांगले."

ते वाक्य म्हणजे प्रश्नच होता. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि मला त्याचं उत्तर येत होतं.

गुटीच्या सहाणेवर माझ्या मुलीसाठी आक्का जी काकडशिंगी उगाळायच्या, ती शिंगासारखी पोकळ वस्तू, ते फळ नव्हे आणि मूळही नव्हे. तीही झाडावर किड्यानं केलेली गाठच. गावात घरोघरी तान्ह्या पोरांना ती चाटवतात. काकांनीही लहानपणी चाटली असणार. देवापुढं मध ठेवतात तो मधमाश्यांच्या पोटातून येतो. काका पूजेला जो मुकटा नेसून बसले होते, तो किड्यांनी विणलेल्या कोशांचा. लाखही किड्यांचीच. हे सगळं मला कॉलेजात एकाच धड्यात शिकवलं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं, "काकानू, तुमचो मुकटो खंयचो?" ते हसले असते. आक्काही हसल्या असत्या. झुपका उरलेले दिवस तिथंच राहिला असता.

मी गप्प बसले. कमी बोलणारी बाई म्हणून माझी ख्याती होती. माझ्या गप्प बसण्यात कुणाला काही वेगळं दिसलं नाही.

काकांनी बराच वेळ वाट बघितली. मग म्हणाले, "काढा तो."

आक्कांनीच स्टूल आणलं, त्याच चढल्या, त्यांनीच दोर सोडला.

*

पुढल्या वर्षी माटोळी चुलतदिरानं बांधली. आक्कांना कुणी "तू नको" असं म्हटलं नाही. फक्त चौकट पुसायला बोलावलं नाही. आदल्या दिवशी आम्ही गेलो तर ती बांधून तयार. आक्का खालून बघून म्हणाल्या, "बरी झाली." आणि नेवऱ्या तळायला बसल्या.

त्याच पावसात थोरल्या काकांना अर्धांगाचा झटका आला. कुणी उघड काही बोललं नाही. पण घरातल्या बायका पाणी भरताना, भाजी चिरताना बोलतात ते दारामागून कळतं. देवाच्या माथ्यार किडे. आक्का काकांना भरवायला, पुसायला रोज जाऊ लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं. चुलतदीर मनानं वाईट नव्हता, पण त्याला एक थट्टा सापडली होती ती त्यानं कित्येक वर्षं वापरली. आक्कांनी पंगतीत काही वाढलं की म्हणायचा, "आक्का, आत कोण रवता तां बघितलंस मगे?" सगळे हसायचे. आक्काही हसायच्या.

परसवातलं ते झाड आक्कांनी माणूस लावून पाडलं. मी आत होते. कुऱ्हाडीचा आवाज ऐकत चूल फुंकत होते.

आणि त्यांनी मला पान दाखवणं सोडलं.

आमच्यात भांडण झालं नाही. त्या माझ्याशी बोलत, मुलीला शाळेत पोचवत, माझ्या आवडीची सुंगटांची आमटी करत. फक्त पानं उलटी करायच्या त्या आता चिरडायला. अबोलीवरचे फेसाचे गोळे, दांड्यांवरचे पांढरे ठिपके, पुटकुळ्या, जे दिसेल ते हिरानं खरवडून चुलीत घालत. मी एकदा म्हटलं, "आक्का, ता बरां आसता." त्या म्हणाल्या, "आसांदी. माका नको."

फळ कापल्याशिवाय त्या तोंडात घालत नसत. केळंसुद्धा आधी मधोमध मोडून बघत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आम्ही दोघी तवशी घ्यायला गेलो होतो. आक्का एकेक तवसं उचलायच्या, नखानं टोचायच्या, कानाशी हलवायच्या, "काप बघू" म्हणायच्या. विकणारी बाई हळदोण्याकडची असावी, तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "गे बाये, तवशां घेवंक इल्लंस काय न्हवरो बघूक?"

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. त्या बाईला बिचारीला काय ठाऊक. आक्कांनी तवसं होतं तिथं ठेवलं, ढिगात नीट बसवलं, आणि बस स्टँडकडं चालू लागल्या. बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसले होते. डिचोली येईपर्यंत त्या खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत होत्या. तेव्हा सांगता आलं असतं. बस रिकामीच होती. मी तिकिटाची गुंडाळी करत बसले.

*

आक्का साठीच्या पुढं गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. खाणी बंद पडल्या होत्या, नवरा घरीच असायचा, पानांवरची धूळ कमी झाली होती. आक्का अंघोळीला फार वेळ लावू लागल्या होत्या. हात वर करून काही काढायचं असलं की मला सांगत. मी गुडघ्यासारखंच काही समजले. एक दिवस पदर सरकला आणि मला त्यांच्या झंपराला ओल दिसली.

छातीत गाठ होती. ती फुटली होती.

पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतके दिवस घरात कुणाला दाखवलं नाही?" माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या नजरेत दोष नव्हता. बायकांचं बायकांना कळतं, एवढंच त्याला वाटत असणार. आक्का म्हणाल्या, "काय दाखवूचां तेच्यात?"

ज्या बाईनं मला परसवातली प्रत्येक गाठ आणून दाखवली होती, तिनं ही दाखवली नाही. या दोन गोष्टी जोडायला मला कुणी सांगितलं नाही. डॉक्टर म्हणतील, पुष्कळ बायका लपवतात, लाजतात. खरं असेल. पण मी जोडल्या, आणि त्या तशाच जोडलेल्या राहिल्या आहेत.

शेवटच्या दिवसांत मी सकाळच्या बसनं इस्पितळात जायची आणि संध्याकाळी परतायची. एका दुपारी वॉर्डात सामसूम होती. शेजारची खाट रिकामी झाली होती. मी पेज भरवून त्यांचं तोंड पुसलं आणि खाली बघत सांगायला लागले. काकडशिंगीचं सांगितलं. मुकट्याचं, लाखेचं, मधाचं. त्या दिवशी काकांनी विचारलं तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं, हेही सांगितलं. बाबांच्या फळात विटाळ असा काही नव्हता. असलाच तर सगळ्या गावाच्या देवघरांत आहे.

आक्कांनी डोळे मिटले होते. झोपल्या असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "मगे तेवा तू कित्याक सांगूक नाय?"

रागानं नाही. खरंच विचारत होत्या.

"तुमी म्हटल्यात, एकटीच करतंय," मी म्हणाले. "मी तुमच्या फाटल्यान, मागेच होतंय."

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. त्यांच्या कपाळावरची शीर हलताना मला दिसत होती. त्या परीक्षकांना त्या काय म्हणाल्या होत्या ते त्यांना आठवत नव्हतं. ज्या एका शब्दासाठी मी त्यांचं सगळं काढून घेतलं, तो त्यांच्यापाशी नव्हताच.

"मी तसां म्हटलां?"

"होय."

"म्हटलां आसतलां," त्या म्हणाल्या. मग उशीवर मान माझ्याकडं वळवली. तेवढं करतानाही त्यांना लागत होतं. "चुकलां गो माजां. तू दरडीवरसून पडलंस. मी सांगूक जाय होतां."

दरड त्यांना आठवत होती.

मी उठायला हवं होतं, त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला हवं होतं. निदान "नाही, नाही, चूक माझी" एवढं तरी. मराठीत, कोंकणीत, कुठल्याही भाषेत ते दोन शब्दांचं काम आहे. इतकी वर्षं ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं होतं, आणि माझ्या आतलं काहीतरी ते घेऊन मोकळं झालं, भूक भागावी तसं.

मी म्हणाले, "आसांदी, आक्का."

माफ केल्यासारखं. त्यांनी मान हलवली, समाधानानं, आणि "माका त्या कुशीर कर" म्हणाल्या. मी त्यांना भिंतीकडं वळवलं, पाठीला उशी लावली. भेटायची वेळ संपली म्हणून नर्स सांगत आली. मी पेजेचा डबा धुतला, पिशवीत घातला आणि साखळीची बस धरली.

दुसऱ्या दिवशी नीट बोलू, असं मी बसमध्ये ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या कुणाला ओळखत नव्हत्या.

त्या वर्षी सुतकामुळं आमच्याकडं चवथ झाली नाही. त्याच्या पुढल्या वर्षी मी चुलतदिराला, त्याच्या बायकोला, जमलेल्या सगळ्यांना काकडशिंगीचं सांगितलं. काका तर केव्हाच गेले होते. चुलतदीर स्टुलावर उभा राहून घड बांधत होता. आता त्याचेही केस पिकलेत. त्यानं हात थांबवून ऐकलं. म्हणाला, "तेवा सांगलेलां आसतां तर आक्कानच बांधली आसती गो इतकी वर्सां. माका खंय येता ह्यां?" आणि दोराची गाठ पुन्हा सोडून, घड जरा डावीकडं घेऊन, परत बांधू लागला.